मेणबत्ती पेटती राहिली म्हणून टाकीत उतरू नका

माझ्या भाच्याने परवा एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे बरोबर आहे ना? आमच्या ठेकेदाराने ग्रुपवर टाकलंय." भाचा रायगड जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत ठेकेदाराकडे हेल्पर आहे. ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेच्या टाक्यांमधला गाळ काढायचं काम त्यांच्याकडे येतं. मेसेज वाचून मी आधी त्याला फोन केला आणि सांगितलं, यातलं काहीही करायचं नाही. नंतर पाहिलं तर तोच मेसेज गावच्या ग्रुपवर होता आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही होता. खाली हात जोडलेले आणि अंगठे दाखवलेले.

"टाकी, गटार साफ करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा" असं मथळ्यात आहे आणि खाली सात सूचना. टाकीत मेणबत्ती सोडा, विझली नाही तर बिनधास्त उतरा. कुजक्या अंड्यांचा वास थांबला की गॅस निघून गेला समजा. नाकाला ओला रुमाल बांधा. उतरण्याआधी गूळ खा, वर आल्यावर दूध प्या. आतला माणूस पडला तर वेळ न घालवता दोघांनी उतरून त्याला काढा. अनुभवी माणसाला वर्क पर्मिटची (काम सुरू करण्याआधीच्या लेखी परवानगीची) गरज नाही, ते कागदी घोडे आहेत. आणि शेवटची: कामगाराकडून स्टॅम्प पेपरवर "मी माझ्या जबाबदारीवर उतरत आहे" असं लिहून घ्या, म्हणजे कंपनी आणि ठेकेदार दोघेही मोकळे.

मेणबत्तीची सूचना सगळ्यात जास्त लोकांना पटते, आणि पटण्याला कारण आहे. आपल्याकडे जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची पद्धत होती. तळाशी कार्बन डायऑक्साइड साचलेला असला, ऑक्सिजन कमी असला तर कंदील विझायचा आणि उतरणारा मागे फिरायचा. तेवढ्यापुरतं ते खरं होतं. दिवा विझला तर उतरू नये. पण दिवा पेटता राहिला तर उतरावं, हे त्यातून निघत नाही.

साध्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. तो 19.5 टक्क्यांच्या खाली गेला की श्वसनाच्या उपकरणाशिवाय त्या जागेत जायचं नाही, असा नियम अनेक देशांत पाळतात. मेणबत्ती मात्र विझते ती 16 टक्क्यांच्या आसपास. मधल्या सगळ्या पट्ट्यात ती जळत राहते, आणि त्याच पट्ट्यात माणसाचं डोकं मंद होतं, हातापायांचा ताळमेळ सुटतो, शिडी चढायची ताकद कमी होते.

आणि हा नुसता ऑक्सिजनचा हिशोब झाला. ईटीपीच्या गाळात सडण्यातून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तो कुजक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू, तयार होतो. अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेने त्याची 100 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) ही पातळी जिवाला तत्काळ धोका म्हणून ठरवली आहे. 700 पीपीएमच्या पुढे एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. 700 पीपीएम म्हणजे हवेच्या 0.07 टक्के. इतक्याशा गॅसने ऑक्सिजनच्या प्रमाणात जाणवण्याइतका फरक पडतच नाही. मेणबत्ती नीट जळते आणि तिच्या शेजारी उभा असलेला माणूस कोसळतो.

शिवाय त्याच टाकीत मिथेन असू शकतो, जो हवेत 5 टक्क्यांपासून स्फोट करतो. हायड्रोजन सल्फाइडही पेट घेतो. अशा टाकीत पेटती वात सोडायची? 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 36अ होतं: ज्वलनशील वायू असण्याची शक्यता असलेल्या बंदिस्त जागेत फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेर न जाऊ देणाऱ्या) दिव्याखेरीज कोणताही दिवा वापरता येत नव्हता. मेसेज लिहिणाऱ्याने कायद्याने मनाई केलेली गोष्ट सुरक्षेची चाचणी म्हणून लोकांना शिकवली आहे.

वासाची सूचना तर याहून वाईट. हायड्रोजन सल्फाइडचा वास 1 पीपीएमपेक्षाही कमी असताना येतो, म्हणून लोकांना वाटतं नाक आपल्याला सांगेल. पण प्रमाण 100 पीपीएमच्या पुढे गेलं की काही मिनिटांत वास घेणारी नसच बधिर होते. म्हणजे वास थांबला याचा अर्थ गॅस गेला असा नाही, गॅस वाढला असाही असू शकतो. त्यात गाळ ढवळला की आत अडकलेला वायू एकदम सुटतो. झाकण उघडताना टाकी ठीक होती आणि फावडं मारल्यावर माणूस पडला, असं घडतं ते यामुळे. म्हणून गॅस मीटर फक्त सुरुवातीला लावून चालत नाही. वर, मध्ये आणि तळाशी मोजावं लागतं, कारण हा वायू हवेपेक्षा जड आहे, आणि काम चालू असेपर्यंत मीटर आतल्या माणसाच्या अंगावर असावा लागतो.

आता पाचवी सूचना, "दोघांनी उतरून काढा". माझा राग मुख्यतः या सूचनेवर आहे. ही सूचना पाळली तर एकाच्या जागी तीन मृतदेह निघतात. वर्तमानपत्रात अशा बातम्या येतात तेव्हा मथळा नीट वाचा: आधी एक उतरला, त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा. अनेकदा सख्खे भाऊ, बापलेक, एकाच वाडीतली पोरं. नायॉशने 1986 मध्ये बंदिस्त जागांतल्या मृत्यूंवर इशारा काढला, त्यात लिहिलं आहे की मरणाऱ्यांत 60 टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. मित्र डोळ्यांदेखत पडला की माणूस थांबत नाही, ते मला कळतं. म्हणूनच सुटकेची सोय तो उतरण्याआधी करायची असते. अंगावर हार्नेस, दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात, मॅनहोलवर ट्रायपॉड (तिपाई) आणि विंच (दोर गुंडाळून वर ओढायचं यंत्र). कुणी खाली न जाता वरून ओढून काढता आलं पाहिजे. हे नसेल आणि आतला माणूस पडला, तर ब्लोअरने हवा सोडा आणि हवेचा सिलिंडर पाठीवर घेतलेल्या प्रशिक्षित माणसाला किंवा अग्निशमन दलाला बोलवा. गॅस कटिंगचा ऑक्सिजन सिलिंडर आत सोडू नका. ऑक्सिजन 23.5 टक्क्यांच्या वर गेला की एका ठिणगीने अंगावरचे कपडेसुद्धा भडकतात.

यातलं काहीही माझं मत नाही. उतरण्याआधी काय करायचं ते कारखाना कायद्याच्या कलम 36 मध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं. टाकीतला घातक वायू काढण्यासाठी शक्य ते सगळं केल्याशिवाय कुणालाही आत जायला सांगता येत नाही, आणि जाऊही देता येत नाही. त्यानंतरही दोनच वाटा: एकतर सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी घेऊन जागा धोक्यापासून मुक्त असल्याचं लेखी प्रमाणपत्र दिलेलं असावं, नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनाचं उपकरण लावलेलं असावं आणि पट्ट्याला बांधलेल्या दोराचं टोक बाहेरच्या माणसाने धरलेलं असावं. तिसरी वाट नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याच्या जागी 2020 ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, पण टाकीतला वायू बदललेला नाही. कर्तव्यात कसूर होऊन मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 5 लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा नव्या संहितेत आहे, आणि त्या दंडातला निदान अर्धा भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं.

कलम 36 मधलं ते लेखी प्रमाणपत्र म्हणजेच पर्मिट. ज्यांना ते कागदी घोडे वाटतात त्यांनी 6 जुलै 1988 ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा या तेलफलाटावर काय झालं ते वाचावं. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह कंत्राटदाराच्या माणसांनी दुरुस्तीसाठी काढला होता. तसं सांगणारं पर्मिट रात्रपाळीपर्यंत पोचलं नाही. रात्रपाळीने तोच पंप चालू केला. वायू गळून स्फोट झाला आणि 167 माणसं मेली. त्यांतले कितीतरी जण अनुभवी होते.

गूळ आणि दुधाबद्दल थोडक्यात. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी 1994 मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास छापला होता. गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांतून धुळीचे कण जास्त प्रमाणात बाहेर सरकले, असं त्यात आढळलं. सिमेंटच्या, कापडाच्या कामावर गूळ वाटतात, त्याला एवढा आधार आहे, हे मान्य. पण ते उंदीर होते आणि ती धूळ होती. हायड्रोजन सल्फाइड पेशींना ऑक्सिजन वापरूच देत नाही. पोटातला गूळ तिथे काही करू शकत नाही. दुधाला तर तेवढाही आधार नाही. ओल्या रुमालाचंही असंच. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, त्यामुळे गळती झाली आणि पळत बाहेर पडायचं असेल तर ओलं फडकं थोडा वेळ उपयोगी पडतं. ते बाहेर पडण्यासाठी आहे. रुमाल बांधून टाकीत उतरणं हा त्याचा उपयोग नाही, आणि ऑक्सिजनच नसेल तर रुमाल तो कुठून आणणार?

राहिला स्टॅम्प पेपर. ठेकेदारांना हा मेसेज आवडतो तो या ओळीमुळे, म्हणून इथे जरा थांबतो. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याचं कलम 17 सांगायचं की भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा कोणताही करार रद्दबातल आहे. स्टॅम्प पेपर शंभराचा असो की पाचशेचा. कलम 12 सांगायचं की कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम ठेकेदारामार्फत करून घेतलं, तरी भरपाईला मूळ मालक जबाबदार, जणू कामगार त्याचाच आहे. ती रक्कम तो नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. ठेकेदाराने लिहून दिलेल्या हमीला अर्थ आहे तो इतकाच, कंपनी आणि ठेकेदार यांच्यातल्या हिशोबापुरता. मेलेल्या माणसाच्या बायकोला ती हमी दाखवून परत पाठवता येत नाही. "त्याचीच चूक होती" हेही मृत्यूच्या बाबतीत चालत नाही. दारू, मुद्दाम नियम मोडणं असे जे अपवाद कलम 3 मध्ये होते, ते मृत्यू आणि कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून इतर दुखापतींसाठी होते. ही तत्त्वं आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेली आहेत. कामगार ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल तर कुटुंबाला तिथून निवृत्तिवेतन मिळतं. आणि कारखाना कायद्यातली कामगाराची व्याख्याच अशी होती की ठेकेदारामार्फत आलेला माणूस कामगारच, मग मूळ मालकाला तो तिथे आहे हे माहीत असो वा नसो.

मेसेजमधली प्रत्येक सूचना जे काम कंपनीने करायचं ते कामगारावर टाकते. मोजणी त्याच्या नाकाने करायची, संरक्षण त्याच्या रुमालाने, उपचार त्याच्या खिशातल्या गुळाने, सुटका त्याच्या भावाने आणि जबाबदारी त्याच्या अंगठ्याने. हे असं का होतं तेही मी जाणतो. टाकी साफ करायचं काम सगळ्यात कमी दराच्या ठेकेदाराला जातं आणि त्या दरात गॅस मीटर, ब्लोअर, ट्रायपॉड, बाहेर उभा राहायचा माणूस यांपैकी काहीच बसत नाही.

म्हणून भाच्याच्या ठेकेदारालाही मी फोन केला. त्याला सांगितलं की पुढच्या वर्क ऑर्डरमध्ये या चार गोष्टींची वेगळी ओळ आणि वेगळा दर कंपनीकडून लिहून घे, नाहीतर मीटर आणि ट्रायपॉड कंपनी देईल असं तरी लिहून घे. आणि ज्या दिवशी सही केलेलं पर्मिट हातात नसेल, त्या दिवशी गाळ बाहेरून पंपाने निघेल तेवढाच काढ. भाच्याला सांगितलं, मीटरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय शिडीवर पाय ठेवायचा नाही. त्या दिवसाची हजेरी बुडाली तर मी देईन.