फाइल वर गेली आहे

इंदूरच्या सुदामानगरातील आमच्या घराच्या गच्चीवर तीन किलोवॅटचा सौर संच बसवून झाला, पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लावून दाखवण्यात आला, शेजाऱ्यांना पेढे वाटून झाले. त्यानंतर पावसाळा सरला, दिवाळी गेली, तरी वीज कार्यालयाकडून बसवून मिळायचे ते नेट मीटर, म्हणजे घरात आलेली आणि घरातून बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारे मीटर, अद्याप बसलेले नाही. बिल मात्र न चुकता येते, आणि तेही पूर्वीइतकेच.

ज्यांनी या भानगडीत हात घातलेला नाही ते विचारतात, की मीटर नसले तर नसले, ऊन आहे, पॅनेल आहेत, मग संच सुरू का करत नाही? त्याचे कारण असे, की चोरी पकडता यावी म्हणून जुन्या पद्धतीच्या अनेक इलेक्ट्रॉनिक मीटरांत वीज आत येवो वा बाहेर जावो, दोन्ही वेळा वापरच नोंदला जातो. म्हणजे दुपारी घरात कोणी नसताना आमची शिल्लक वीज तारेवर जाईल, शेजारी तिच्यावर पंखे चालतील, आणि तिचे युनिट आमच्याच बिलावर चढतील. म्हणून संच बसवणाऱ्या व्हेंडरने एमसीबी, म्हणजे संचाची वीज तोडणारा खटका, खाली पाडून वर चिकटपट्टी लावली आहे. चांगल्या उन्हात एका किलोवॅटमागे दिवसाला साधारण चार युनिट धरले, तर आमच्या गच्चीवर रोज बाराएक युनिट वाया जातात, आणि आम्ही कर्जाचा हप्ता भरून वर विजेचे बिलही भरतो.

संताप याचा येतो, की कागदावर सगळे ठाकठीक आहे. केंद्र सरकारने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम 2020 मध्ये केले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांत दुरुस्ती केली. त्या दुरुस्तीनुसार 10 किलोवॅटपर्यंतच्या छतावरील संचाचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक तपासणीवाचूनच मंजूर समजायचा, मंजूर भार, म्हणजे जोडणीला ठरवून दिलेली वीजवापराची कमाल मर्यादा, वाढवण्याची गरज असेल तर ते काम वितरण कंपनीने स्वतः करायचे, आणि संच कार्यान्वित करून देण्याची मुदत 30 दिवसांवरून 15 दिवसांवर आणायची. हा नियम छापून मी खिडकीवर नेला. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी तो वाचण्याचेही कष्ट घेतले नाहीत. आमच्याकडे असे काही आलेले नाही, भार वाढवण्याचे वेगळे आवेदन द्या, एवढेच ते म्हणाले. त्याआधी कनेक्शन दिवंगत वडिलांच्या नावावर असल्याने नामांतरण करून आणायला सांगितले होते, ते मी मुकाट्याने केले, कारण त्यात काही अर्थ तरी होता. मग कळले की भांडारात मीटरच नाहीत. मग कळले की बाजारातून विकत आणता येईल, पण त्याची चाचणी प्रयोगशाळेत व्हायला हवी, आणि तिथे रांग आहे. आता सगळे झाल्यावर उत्तर एकच: "अंकल, फाइल ऊपर गई है।" वर म्हणजे कुठे, हे सांगणारा माणूस मला त्या इमारतीच्या कोणत्याही मजल्यावर भेटलेला नाही.

एका मीटरासाठी एवढा त्रागा कशाला, असे म्हणणाऱ्यांनी आमच्या व्हेंडरचा हिशेब पाहावा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपयांचे अनुदान आहे, पण ते संच कार्यान्वित झाल्यावरच ग्राहकाच्या खात्यात जमा होते. ते येईपर्यंत ग्राहक व्हेंडरला द्यायचा शेवटचा हप्ता थांबवतो. मीही थांबवला आहे, दुसरा इलाज नाही. त्यामुळे या पोराचे भांडवल शहरभर अर्धवट गच्च्यांवर अडकून पडले आहे. राजवाड्याच्या आसपासच्या दाटीवाटीत एका घराची सावली दुसऱ्यावर पडते आणि एक पॅनेल झाकले गेले की सगळी रांग मंदावते, म्हणून तिथे प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे त्या एकाच पॅनेलपुरता छोटा इन्व्हर्टर, लावून पाहायचे त्याच्या मनात आहे. पण जो माणूस महिन्याचे पगार भागवताना मेटाकुटीला येतो, तो नवे तंत्र कोणत्या पैशाने आजमावणार? नवोन्मेषाची परिसंवादांत चर्चा करणाऱ्यांच्या हे खिजगणतीतही नाही.

घोडे पेंड खाते ते इथे. धोरण खरेदीला पैसे देते, काम वेळेत होण्यावर मात्र कोणाचाच पगार अवलंबून नाही. याच योजनेत वितरण कंपन्यांनाही प्रोत्साहनाची रक्कम ठेवलेली आहे, पण ती वाढवलेल्या क्षमतेवर मोजली जाते, अर्जदार किती ताटकळला यावर नाही. शिवाय जास्त वीज वापरून बिल वेळेवर भरणारा घरगुती ग्राहक गच्चीवर वीज बनवू लागला की कंपनीचे उत्पन्न घटते. ज्याचे नुकसान होणार आहे त्याच्याच हाती किल्ली द्यायची आणि त्याने दार आनंदाने उघडावे अशी अपेक्षा करायची, याला मी तरी धोरण म्हणणार नाही.

आणि हे आपल्याला जमत नाही अशातला भाग नाही, म्हणूनच चीड जास्त येते. सरकारने एलईडी दिव्यांची एकगठ्ठा खरेदी केली तेव्हा 2014 मध्ये सुमारे 310 रुपयांना घेतलेला दिवा 2016 पर्यंत 38 रुपयांवर आला. खप निश्चित असल्यामुळे कारखानदारांनी भाव उतरवले. आमच्याच मध्य प्रदेशात रीवा येथील 750 मेगावॅटच्या प्रकल्पासाठी 2017 मध्ये पहिल्या वर्षाचा दर युनिटला 2 रुपये 97 पैसे लागला, कारण वीज घेणाऱ्याने पैसे थकवले तर राज्य सरकार मागे उभे राहील अशी हमी करारात होती. इंदूरच्या देवगुराडियात रोज 550 टन ओला कचरा घेऊ शकणारा बायो सीएनजी प्रकल्प 2022 मध्ये सुरू झाला. तो चालतो, कारण घराघरांतून वेगळा केलेला कचरा मिळण्याची खात्री आहे आणि गॅस घ्यायला शहराच्या बसगाड्या आहेत. जर्मनीने 2000 च्या कायद्यात सौर विजेच्या खरेदीचा दर 20 वर्षांसाठी बांधून दिला आणि पुढे बसणाऱ्या नव्या संचांसाठी तो उतरवत नेला, त्यामुळे उत्पादकांना स्वस्त होण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

आपल्याकडे मात्र धरसोडच फार. सौर साहित्यावरचा जीएसटी ऑक्टोबर 2021 मध्ये 5 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर नेला आणि सप्टेंबर 2025 मध्ये पुन्हा 5 वर आणला. सरकारच्या मान्यताप्राप्त यादीतलीच पॅनेल वापरण्याची सक्ती एका आर्थिक वर्षासाठी स्थगित केली, एप्रिल 2024 पासून पुन्हा लावली. विजेवरच्या दुचाकींचे अनुदान जून 2021 मध्ये बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॅट तासाला 10,000 वरून 15,000 रुपये केले आणि जून 2023 मध्ये पुन्हा 10,000 वर आणून ठेवले. अशा वातावरणात पाच वर्षांचा विचार करून यंत्रसामग्रीत पैसे कोण घालील?

मला नवी योजना नको, नवे पोर्टल तर मुळीच नको. त्याच नियमांत विनाकारण उशीर झाल्यास दिवसाच्या हिशेबाने भरपाई देण्याची तरतूद आहे. ती ग्राहकाने अर्ज न करता पुढच्या बिलातून आपोआप वळती व्हावी आणि ज्या टेबलावर फाइल पडून राहिली त्या टेबलाचा हुद्दा बिलावर छापला जावा, एवढीच माझी मागणी आहे. सध्या भरपाईसाठी वेगळे आवेदन द्यावे लागते. ते मी दिले. आवक शाखेने ते शिक्का मारून घेतले आणि नेट मीटरच्याच फाइलला जोडायला म्हणून वर पाठवून दिले.