वर्गात नवीन मूल आलंय? घाबरू नका, ते लवकरच गप्प होईल

शाळा सुरू होऊन आठवडा झालेला असतो. हजेरीपट रेघा आखून तयार असतो, बाकांवरच्या जागांची भांडणं नुकतीच मिटलेली असतात, आणि नेमके तेव्हाच मुख्याध्यापक एका मुलाला दंडाला धरून तुमच्या वर्गात आणतात. ‘याला भाषा येत नाही. बघा जरा,’ एवढं बोलून निघून जातात. बघायचं म्हणजे नक्की काय, हे त्यांनी सांगितलेलं नसतं, म्हणून हा लेख.

सर्वप्रथम, ‘भाषा येत नाही’ हे वाक्य आहे तसं वहीत उतरवून घ्या. मुलाला भाषा येते, चांगली अख्खी येते, त्या भाषेत ते भांडतं, थापा मारतं, स्वप्नं बघतं; येत नाही ती तुमची. पण इतका कीस पाडत बसलात तर अभ्यासक्रम कधी संपवणार? मग नावाकडे वळा. नाव जिभेला जड असेल तर मधली दोन अक्षरं गाळून टाका. आठ दिवसांत पोरगं उरलेल्या नावाला ओ देऊ लागतं. भाषाशिक्षणाचा पहिला धडा इथेच पार पडला.

नव्या भाषेत पडलेली बरीच मुलं सुरुवातीचे काही महिने बोलतच नाहीत, नुसती ऐकत असतात. या विषयातले जाणकार याला नेहमीची पायरी समजतात. तुम्ही ‘आकलन कमी’ समजा. लिहायला सोपं पडतं आणि प्रगतिपुस्तकातल्या चौकटीत बसतं.

गणिताच्या तासाला एक धोका संभवतो. फळ्यावर सातातून चार वजा करायला दिलेत, तर हे मूल सर्वांच्या आधी तीन लिहून मोकळं होईल आणि तुमचं निदान चुकेल. म्हणून गणित नेहमी शाब्दिक द्या. ‘खर्च झाल्यावर शिल्लक किती?’ यातली वजाबाकी त्याला येते, ‘शिल्लक’ येत नाही. हात थबकतो, पेन्सिलीचं टोक तोंडात जातं. झालं! ‘गणितात कच्चा’ असा शेरा मारायला तुम्ही मोकळे. त्या एका शब्दाशेजारी छोटंसं चित्र काढून दिलं असतं तर भागलं असतं, असं कोणी म्हणेल. चित्रकलेचा तास वेगळा असतो, हे त्यांना नम्रपणे सांगा.

शिस्तीच्या बाबतीत मात्र आपण पूर्वजांपुढे फिके आहोत. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. दुसरं कोणी वेल्श बोलताना सापडलं की तुकडा त्याच्या गळ्यात जायचा, आणि शाळा सुटताना ज्याच्याकडे तो असेल त्याने मार खायचा. फ्रान्समध्ये ब्रेतों बोलणाऱ्या मुलांसाठी आणि जपानमधल्या ओकिनावात तिथल्या भाषांसाठी अशीच युक्ती होती. किती काटकसर बघा! एका लाकडी तुकड्यात सगळी पोरं एकमेकांवर पाळत ठेवायला तयार, शिक्षकाला पगारवाढही नको. हल्ली लाकूड वापरत नाहीत. ‘इथे ती भाषा नको हं’ असं गोड आवाजात म्हटलं की पुरतं, आणि हसायचं काम बाकीचा वर्ग करतो.

नंतर पालकांना सल्ला द्या: घरीसुद्धा शाळेचीच भाषा बोला. स्वतःच्या भाषेत गोष्टी सांगणारी, हिशेब समजावणारी, रागावणारी आई आता मोडक्यातोडक्या शब्दांत ‘ये, खा, झोप’ एवढंच बोलेल. आजी तर गप्पच बसेल. घर कसं शांत! वाचन ही गोष्ट एका भाषेत जमली की दुसरीत पहिल्यापासून शिकावी लागत नाही, अक्षरं बदलली तरी समज सोबत येते, असलं काही कोणी सांगू लागलं तर घड्याळाकडे बघा. दोन भाषांनी डोक्यात गोंधळ होतो, हेच खरं धरून चाला. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये 1962 साली पील आणि लॅम्बर्ट या अभ्यासकांनी दहा वर्षांच्या मुलांची बुद्धी तपासली, तेव्हा दोन भाषावाली पुढे निघाली. त्याआधीच्या कित्येक चाचण्यांत गरीब घरातल्या दोन भाषावाल्यांची तुलना सुखवस्तू घरातल्या एकभाषी मुलांशी झाली होती, असंही तेव्हा लक्षात आलं. पण आपण जुन्या वळणाची माणसं. साठ वर्षांत मत बदलायची घाई कशाला?

दुसऱ्या वर्षी पोरगं मैदानावर फाडफाड बोलू लागेल. हीच संधी साधा आणि त्याची सगळी जादा मदत ताबडतोब बंद करा. जिम कमिन्स नावाच्या अभ्यासकाने कधीच सांगून ठेवलंय की गप्पांची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण पुस्तकातली, ‘कारणे द्या’ आणि ‘तुलना करा’वाली भाषा बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. सात वर्षं! तोवर तुमची बदली झालेली असेल.

तक्रार आलीच तर ‘आम्ही सर्वांना समान वागवतो’ हे वाक्य तयार ठेवा. तेच पुस्तक, तोच फळा, त्याच बाई. फक्त अमेरिकेतल्या सर्वोच्च न्यायालयापुढे ते बोलू नका. सान फ्रान्सिस्कोतल्या सुमारे 1,800 चिनी वंशाच्या मुलांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यासाठी कसलीच जादा मदत मिळत नव्हती. त्यांच्या वतीने झालेल्या खटल्यात 1974 साली न्यायाधीशांनी सुनावलं की सगळ्यांच्या हाती तीच पुस्तकं दिल्याने समानता होत नाही.

पालकसभेला दुभाषा बोलावू नका. मूल आहे की! आई समोर, तुम्ही खुर्चीत आणि मध्ये ते. तुम्ही दोन मिनिटं सांगता: लक्ष देत नाही, गृहपाठ करत नाही, भाषा फारच कच्ची, मोठेपणी कसं होणार. ते आईकडे वळून चार शब्द बोलतं. आई हसून तुम्हाला नमस्कार करते, मग काहीतरी लांबलचक विचारते. तुमच्याकडे वळून ते सांगतं, ‘आई म्हणते, बरं.’ तुम्ही समाधानाने ‘भाषा: असमाधानकारक’ यावर सही करता. आत्ताच दोन मोठ्या माणसांचं संभाषण त्याने एकट्याने, दोन भाषांत, स्वतःला इजा न होऊ देता पार पाडलं, हे नोंदवायला प्रगतिपुस्तकात रकाना नसतो. मला विचाराल तर अख्ख्या शाळेत एवढी तोंडी परीक्षा कोणी दिलेली नसते.

याचा अर्थ आपण दोन भाषांच्या विरुद्ध आहोत असा कोणी घेऊ नये. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये 1965 साली इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी मागणी करून आपल्या पोरांना बालवर्गापासून फ्रेंचमध्ये शिकवायला लावलं. त्या पोरांचं इंग्रजी जागच्या जागी राहिलं, फ्रेंच वर मिळालं आणि जगभर त्या प्रयोगाचं कौतुक झालं. तेव्हा नियम लक्षात ठेवा: वजनदार भाषेच्या घरातलं मूल दुसरी भाषा शिकलं तर ते हुशार, हलक्या समजल्या गेलेल्या भाषेच्या घरातलं मूल दुसरी घेऊन आलं तर ती अडचण.

राहता राहिला 21 फेब्रुवारी. युनेस्कोने 1999 मध्ये हा मातृभाषा दिन जाहीर केला, तेव्हा साजरा करावाच लागतो. ‘स्वागत’ हा शब्द तीस भाषांत लिहिलेला फलक इंटरनेटवरून छापून दाराजवळ लावा. त्यात या मुलाच्या भाषेचाही शब्द असेल, एका अक्षराने चुकलेला. ते फलकापुढे जरा जास्त वेळ उभं राहील आणि खिशातून पेन्सिल काढेल. म्हणून फलक आधीच लॅमिनेट करून घ्या.