5 ची 6 मिमी झाली, म्हणून लगेच सुई?

'सहा महिन्यांत फुफ्फुसातली गाठ 5 वरून 6 मिमी झाली तरी बायोप्सी नको म्हणता, हा लोकांच्या जिवाशी खेळ आहे,' असं तुम्ही लिहिलंत. मतभेद जरूर असावेत, पण 'जिवाशी खेळ' म्हणताना थोडी जीभ आवरायला हवी होती. छातीचे सीटी वाचणं हे माझं रोजचं काम आहे. त्या एका मिलिमीटरने घरच्यांची झोप कशी उडते, हे मला तुम्ही सांगायला नको.

तुम्ही दोन रिपोर्टांतले आकडे ताडून पाहिलेत, स्कॅन नाही. पहिला स्कॅन 5 मिमी जाडीच्या स्लाइसवर (सीटीतल्या एकेका आडव्या कापावर) वाचला आणि दुसरा 1 मिमीच्या, तर तुलनाच होत नाही. जाड स्लाइसमध्ये एवढीशी गाठ भोवतालच्या हवेत मिसळून पुसट दिसते, कधी दोन स्लाइसमध्ये विभागली जाते. मग कर्सर नेमका कुठे टेकवायचा? एकाने लंग विंडोवर (फुफ्फुस नीट दिसेल अशा उजेड-छायेवर) मोजलं, दुसऱ्याने मेडियास्टायनल विंडोवर (छातीच्या मधल्या मऊ भागांसाठीच्या), तरी आकडा बदलतो. श्वास अर्धवट भरला तरी बदलतो. म्हणून तर फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या इमेजिंगमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या 2017 च्या सूचनांत लांबी-रुंदीची सरासरी पूर्ण मिलिमीटरमध्ये लिहायची आणि ती किमान 2 मिमी वाढली तरच वाढ धरायची, असं आहे. 5.4 चे 5 होतात आणि 5.6 चे 6. तुमचा सगळा संताप या फरकावर उभा असू शकतो.

5 ची खरोखरच 6 झाली, तर आकारमान (घनफळ) सुमारे 1.73 पट होतं. ही गोष्ट मी मुळीच हलकी मानत नाही. पण आधी दोन्ही स्कॅनच्या पातळ स्लाइस, त्याच विंडोवर, एकाच डॉक्टरने पुन्हा मोजाव्यात. सोय असेल तर सॉफ्टवेअरने आकारमान काढावं. श्वासागणिक हलणाऱ्या 6 मिमीच्या गाठीवर सुईचा नेम चुकतो, नमुना अपुरा येतो, फुफ्फुसाभोवती हवा साचू शकते. आणि नमुन्यात काही सापडलं नाही म्हणून गाठ निर्धोक ठरत नाही, ते वेगळंच.

पुन्हा पुन्हा स्कॅन म्हणजे जास्त रेडिएशन, हा तुमचा मुद्दा मान्य. पाठपुराव्याचा स्कॅन लो-डोसच (कमी किरणांचा) हवा: नेहमीच्या सीटीला साधारण 7 मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक), लो-डोसला 1.5 च्या आसपास. बाकी, पेट (PET) स्कॅन, म्हणजे पेशी किती साखर खेचतात ते दाखवणारा स्कॅन, 8 मिमीखाली भरवशाचा नाही आणि एवढी गाठ एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. त्यावर वाद नको.

जुन्या स्कॅनची फिल्म नको, डायकॉम फाइल (स्कॅनच्या मूळ डिजिटल प्रतिमा) असलेली सीडी मागून घ्या आणि त्यात पातळ स्लाइस आहेत ना, ते तिथेच विचारा.