लिव्हर सापडलं, दुखणं फरार

गोव्यात राहून, दारू न पिता, फॅटी लिव्हर होणं यासारखा फुकटचा बदलौकिक दुसरा नाही. पिणाऱ्याला झालं तर लोक 'जातलेंच मरे', म्हणजे 'होणारच रे', म्हणतात आणि पावसापाण्याचं बोलायला लागतात. न पिणाऱ्याला झालं की आधी त्याच्या तोंडाकडे बघतात, मग त्याच्या बायकोच्या तोंडाकडे. तिच्याकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत जी करुणा दाटून येते, तिच्यासाठी तरी मी एकदा प्यायला हवं होतं असं वाटतं.

वास्तविक मी लिव्हरची तक्रार घेऊन कुठे गेलोच नव्हतो. माझी तक्रार पोटदुखीची. उजवीकडे, बरगडीच्या खाली. कधी बोटभर आत, कधी वीतभर मागे, तर कधी नुसतीच तिथे कुणीतरी येऊन बसल्याची जाणीव. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की हे दुखणं जागं व्हायचं, फोंड्याहून पणजीला जाणाऱ्या बसमध्ये जागा मिळाली की निजायचं आणि साहेबांनी फाईल घेऊन बोलावलं की पुन्हा उठायचं. माघातल्या जत्रेच्या नाटकाच्या तालमी चालू झाल्या तेव्हा तर ते रोज हजेरी लावू लागलं. आमच्या गावात जत्रेला मराठी नाटक झालंच पाहिजे. देवाची पालखी वेळेवर निघाली नाही तर चालतं, नाटक वेळेवर सुरू झालं तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. मला सेनापतीची भूमिका होती. दुसऱ्या अंकात तलवार उपसताना मी उजवी कूस धरून वाकलो, तोंड वाकडं केलं आणि 'आई गं' म्हणालो. दिग्दर्शक खूश झाले. 'हें बरें दिसता, असेंच दवर,' म्हणाले. प्रयोगाच्या रात्री मात्र दुखलं नाही, आणि सेनापती पडला असं गावाचं मत झालं.

आता गावात पोटदुखी लपत नाही. नाटकातली तर नाहीच. शेजारचे बाब संध्याकाळी व्हरांड्यात आले आणि निदानात वेळ न घालवता थेट औषधावर आले. काजूची फेणी, एक चमचा, कोमट पाण्यातून, वर लिंबू. ताप, सर्दी, दातदुखी, पायात मुरडणे आणि जमिनीचे खटले यांवर ते हेच औषध देतात. मात्रा तेवढी बदलते. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून त्यांचा हा विश्वास जवळजवळ सरकारी झाला आहे. सासूबाईंनी आधी मीठ-मिरच्यांनी दिष्ट काढली. मिरच्यांचा ठसका कुणालाच लागला नाही, यावरून दिष्ट भारी होती हे सिद्ध झालं. मग त्यांनी देवाला प्रसाद लावला, म्हणजे मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल मागितला. उजवी पाकळी पडली. सगळ्यांना हायसं वाटलं, पण प्रश्न नेमका काय विचारला होता हे त्यांना घरी येईपर्यंत आठवेना. गाऱ्हाणं गॅसचं घातलं होतं की पित्ताच्या खड्यांचं, यावर आमच्याकडे अजून दोन पक्ष आहेत.

शेवटी डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. रात्रीपासून उपाशी राहायचं, सकाळी पाणी ढोसायचं आणि लघवी तुंबवून बाकावर बसायचं. समोर भिंतीवर पाटी: 'येथे प्रसूतीपूर्व लिंगनिदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.' १९९४ चा कायदा आहे, पाटी लावावीच लागते, हे मी सरकारी कारकून असल्यामुळे मला ठाऊक आहे. पण बाकावर बसलेले आम्ही सगळे पन्नाशीचे पुरुष, प्रत्येकाचं पोट आठव्या महिन्यातलं, आणि सगळे ती पाटी पुन्हा पुन्हा वाचत होतो.

आत थंडगार जेल पोटावर पडलं. श्वास घ्या. धरा. सोडा. डाव्या कुशीवर वळा. श्वास घ्या, धरा… इथे मधेच डॉक्टरांना फोन आला, आणि 'सोडा' म्हणायचं राहून गेलं. मी शिस्तीचा माणूस. फोनवर बांगडे काय दराने मिळाले इतकं कळेपर्यंत मी धरून होतो.

पडद्याकडे बघत ते म्हणाले, 'लिव्हर किडनीपेक्षा उजळ दिसतंय.' आमच्या घराण्यात उजळ असं काही निघण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून मी थोडा सुखावलो. तर ती चरबी होती. चरबीवरून ध्वनिलहरी जास्त परततात, म्हणून लिव्हर पडद्यावर पांढुरकं दिसतं. रिपोर्ट आला: ग्रेड वन फॅटी लिव्हर, पित्ताशयात खडे नाहीत, स्वादुपिंड, किडन्या, प्लीहा, सगळी मंडळी ठीक.

'म्हणजे दुखतंय ते लिव्हर,' मी आमच्या डॉक्टरांना म्हटलं. इतके दिवस बिननावाचं दुखणं वागवल्यावर माणसाला कुठलंही नाव चालतं. पण डॉक्टरांनी तेही काढून घेतलं. लिव्हरच्या आतल्या मांसाला वेदनेच्या नसाच नसतात, म्हणाले. वरचं पातळ आवरण ताणलं गेलं तर दुखतं, पण एवढ्याशा चरबीने ते सहसा इतकं ताणलं जात नाही. फॅटी लिव्हर बहुधा मुकाट असतं. ते सापडतं ते असंच, दुसरं काहीतरी शोधताना. घरात चोरी झाली म्हणून पोलीस बोलवावेत, त्यांनी माळ्यावर लपलेल्या भलत्याच फरारी इसमाला पकडून न्यावं आणि चोराचं विचारलं की 'तपास चालू आहे' म्हणावं, तसं माझं झालं.

तपास मात्र डॉक्टरांनी मनापासून केला. ताप येतो का, डोळे पिवळे झाले का, शौचाला काळं होतं का, रक्ताची उलटी? नाही, नाही, नाही. 'वजन आपोआप कमी झालंय?' हे विचारताना त्यांनी वर बघितलं आणि प्रश्न मागे घेतला. मग टेबलावर उताणं झोपवून पोट दाबलं आणि दाबलेलं असतानाच मान आणि खांदे उचलायला सांगितले. पोटाचे स्नायू आवळल्यावर दुखणं वाढलं तर ते आतल्या अवयवांचं नसून वरच्या भिंतीचं असण्याची शक्यता जास्त. कार्नेट नावाच्या सर्जनने १९२६ साली सांगितलेली ही युक्ती. मला ती फार आवडली. बिनपैशाची आणि बिनमशीनची. अडचण एवढीच की त्या दिवशी मुळात दुखतच नव्हतं. मी मान उचलून, खांदे उचलून, प्रामाणिकपणे वाट बघत राहिलो. डॉक्टरही थांबले. शेवटी त्यांनी आम्लपित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या, दुखेल तेव्हा काय खाल्लं होतं ते वहीत मांडा म्हणाले आणि सापडलेल्या आरोपीकडे वळले.

त्याचा गुन्हा असा: लिव्हरमध्ये पाच टक्क्यांहून जास्त चरबी. लिव्हर असतं साधारण दीड किलोचं, म्हणजे पंचाहत्तर ग्रॅमचा मामला. एवढं तेल आमच्याकडे बांगडे तळून झाल्यावर तव्याच्या कडेला उरतं. वजन सात ते दहा टक्के उतरवा, बऱ्यापैकी निवळेल, असं डॉक्टर म्हणाले. माझे चौऱ्याऐंशी किलो. साखर कमी, मैदा कमी, भात मोजून, रोज चालायचं. मी जीव मुठीत धरून विचारलं, 'आणि नुस्तें?' ते म्हणाले, 'मासे चालतील.' त्या क्षणी वैद्यकशास्त्रावरचा माझा विश्वास पूर्ण बसला. 'तळून नको' हे त्यानंतर म्हणाले. तोवर मी दारापर्यंत पोचलो होतो.

खरी फजिती पुढे आहे. या आजाराचं जुनं नाव 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर डिसीज'. नावातच माझ्या चारित्र्याचा दाखला. २०२१ मध्ये आपल्या केंद्र सरकारने याच नावाने त्याला असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं. सरकारी नोकराला आजारही राष्ट्रीय कार्यक्रमातला झाला, याचं मला जरा बरंही वाटलं होतं. रिपोर्टावर ते पूर्ण नाव लिहून द्या, मी लॅमिनेट करून व्हरांड्यात लावतो, असं मी डॉक्टरांना सुचवलं. तर कळलं की २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून नाव बदललं. आता 'मेटाबॉलिक डिसफंक्शन' वगैरे लांबलचक काहीतरी आहे. 'नॉन-अल्कोहोलिक' आणि 'फॅटी' या शब्दांनी रुग्णांना कमीपणा येतो, म्हणून दोन्ही वगळले. 'फॅटी' गेला त्याचं मला काही नाही, तो आरशात दिसतोच. पण 'नॉन-अल्कोहोलिक' काढताना त्या तज्ज्ञांत फोंडा तालुक्यातला एकही माणूस नव्हता, हे उघड आहे.

परिणाम व्हायचा तो झाला. शेजारचे बाब पुन्हा आले, आवाज खाली करून म्हणाले, 'लिपून पितालो मरे तूं?' ज्यांनी मला फेणी घ्यायला सांगितली होती तेच हे. मी शपथेवर नाही म्हटलं. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'जांव दी, आतां सोड.' जे धरलंच नाही ते सोडल्याबद्दल हल्ली चार घरांत माझं कौतुक होतं. सासूबाई तर मुलीला सांगतात, 'बघ, मनात आणलं की पुरुष सुधारतो.'

घरी पथ्य सुरू आहे. मैद्याचे उंडे बंद झाले, कोंड्याची पोई आली. उकड्या तांदळाचा भात वाटीने मिळतो आणि ती वाटी बायकोने माझ्या देखत, दुकानदाराला 'याहून लहान दाखवा' असं म्हणून आणली आहे. बांगडे केळीच्या पानात भाजून होतात. ऑफिसजवळच्या हॉटेलात पातळभाजी आणि बन्स खाणारा टेबलावरचा प्रत्येक इसम मला थांबवून विचारतो, 'हे तुला चालतं?' आणि उत्तराची वाट न बघता आपण खातो. बिनसाखरेची काळी कॉफी लिव्हरला बरी असं डॉक्टर म्हणाले, म्हणून ती पितो. पिताना माझा चेहरा सेनापतीच्या भूमिकेला हवा होता तसा होतो.

आणि दुखणं? येतं, जातं. वहीत मी खाल्लेलं सगळं मांडतो, पण पेज खाल्ली तरी दुखतं आणि लग्नात जेवलो तरी कधी दुखत नाही. वही वाचून डॉक्टरांना दुखण्याचा काही पत्ता लागला नाही. लग्नं किती झाली ते मात्र लागलं. वजन दोन किलोंनी उतरलंय. 'सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू,' म्हणाले. मी बोटांवर हिशेब केला. फेब्रुवारीपासून सहा महिने म्हणजे ऐन चवथ, आमची गणेश चतुर्थी. नेवऱ्या, पातोळ्या, मोदक, मणगणें, खतखतें आणि सात घरची आमंत्रणं. मी चाचरत म्हटलं, 'चवथीच्या आधी घेतली तर?'

डॉक्टर याच तालुक्यातले. त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं, पानं उलटली आणि चवथीच्या आदल्या आठवड्यावर गोल करत म्हणाले, 'आधीच या. चवथीनंतर मी स्वतःची पण करून घेत नाही.'