मैनपुरीची 'महाभारतकालीन' शस्त्रं

जून २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मैनपुरी जिल्ह्यात, गणेशपूर गावी शेत सपाट करताना तांब्याच्या ७७ वस्तू निघाल्या. 'श्रीकृष्णाच्या काळातली काशाची युद्धशस्त्रं सापडली' अशा अर्थाचे मेसेज तेव्हापासून फिरताहेत. यातला एकही दावा धड टिकत नाही.

'काशाची' म्हणाल, तर कासं म्हणजे तांबं आणि कथील. तळपाय घासायच्या काशाच्या वाटीत कथील असतं. गंगा-यमुनेच्या दुआबातले, म्हणजे या दोन नद्यांमधल्या प्रदेशातले, असे साठे, म्हणजे ताम्रनिधी, बहुतांशी नुसत्या तांब्याचे. काहींत आर्सेनिक आढळतं.

बरं, 'युद्धशस्त्रं'? तलवारी आहेतच, मुठीचं टोक किड्याच्या मिशांसारखं दुभंगलेल्या. पण ताम्रनिधींत चपट्या कुऱ्हाडी, कडी, मानवाकृती असं बरंच काही असतं. आपल्या विदर्भाच्या शेजारी, बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियात १८७० साली गुरं राखणाऱ्या पोरांना तांब्याच्या ४२४ वस्तू मिळाल्या, सुमारे ३७६ किलो. बहुतेक कुऱ्हाडी आणि लांबट पाती. जोडीला चांदीचे १०२ पातळ पत्रे! त्यांचं लढाईत काय काम?

आता मुख्य मुद्दा, काळाचा. तांब्याचं वय कार्बन चाचणीतून निघत नाही. ते शेजारच्या मातीवरून आणि खापरांवरून ठरतं. ताम्रनिधींशी जोडली जाणारी खापरं गेरूच्या रंगाची. इतकी झिजलेली की बोट फिरवलं तरी रंग बोटाला लागतो. महाभारताचा पुरातत्त्वीय शोध घेणाऱ्या बी. बी. लाल यांनी १९५०-५२ मध्ये हस्तिनापूर खणलं. त्यांनी महाभारताशी जोडली ती राखाडी चित्रित खापरं, आणि तो थर गेरू खापरांच्या वर होता; खालचा थर जुना. म्हणजे महाभारत शोधायला निघालेल्या माणसाच्या हिशेबातही ही तांब्याची हत्यारं महाभारताच्या आधीची. लाल यांचं समीकरण सगळ्यांना मान्य नाही, पण मेसेजला त्याचाही आधार मिळत नाही.

शेतातून वस्तू उपसून घरी नेल्या की थर विस्कटतो, खापरं बांधावर फेकली जातात. त्याची किंमत आपण मोजलीय. प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये झुडपाचं मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. एवढी देखणी धातुशिल्पं, पण ती शास्त्रीय उत्खननात हाती आली नव्हती, म्हणून त्यांच्या काळावर अभ्यासकांचा वाद झाला. तुमच्या नांगराला असं काही लागलं, तर वस्तू उपसू नका. तिथेच राहू द्या, फोटो काढा आणि आधी तहसील कार्यालयाला कळवा.