फातोर्ड्याला दोनदा

२० डिसेंबर २०१५. इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना, एफसी गोवा विरुद्ध चेन्नई. गोव्यातल्या फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये मी होतो. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला, एफसी गोवा २-१ने पुढे गेला आणि शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली. तीनच मिनिटांत आपल्याच गोलकीपरच्या, लक्ष्मीकांत कट्टीमनीच्या नावावर स्वयंगोल लागला. पाठोपाठ चेन्नईच्या मेंडोझाचा गोल, आणि चषक चेन्नईला. मघाशी मिठी मारणाराच कट्टीमनीला शिव्या घालत उठला. मीही नको ते बोललो. याच सामन्यात त्याने मेंडोझाची पेनल्टी अडवली होती, पण गाडीपर्यंत चालत जाताना एकाच्याही तोंडी ते आलं नाही.

ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलकीपर ज्यांनी भारताचा कर्णधार झालेला पाहिला, ते आपण गोंयकार. आपल्याला तरी गोलपोस्टखाली उभं राहणं काय असतं ते कळायला हवं होतं.

क्लबने त्याला लगेच काढलं नाही, हे खरं. आधी धेंपो क्लब, मग एफसी गोवा, आणि २०१९ला हैदराबाद. तिथे पहिल्याच मोसमात संघ तळाला. तरी तो टिकला. कोरोनामुळे २०२१-२२चा अख्खा मोसम गोव्यात झाला आणि २० मार्च २०२२ला अंतिम सामना पुन्हा फातोर्ड्यालाच, हैदराबाद विरुद्ध केरळ! स्टँड केरळच्या पिवळ्या रंगाने भरलेले. केरळ एका गोलने पुढे असताना ८८व्या मिनिटाला आपल्या साहिल ताव्होराने बरोबरी साधली. मग पेनल्टी शूटआउट. कट्टीमनीने तीन पेनल्टी अडवल्या आणि चषक हैदराबादला. त्यातली एक दोनदा, कारण पंचांनी ती परत मारायला लावली होती. मी घरी टीव्हीसमोर उभा होतो, डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी जो तो लिहीत होता, ‘आपला कट्टीमनी’. मग २०१५च्या त्या रात्री तो कोणाचा होता? मला हे अजून टोचतं.

माझा भाचा तेरा वर्षांचा आहे, गोलकीपर. गेल्या रविवारी पावसात त्याच्या ओल्या ग्लोव्हजमधून चेंडू निसटला. कुंपणाबाहेरून एक गृहस्थ ओरडले, “काढा रे त्याला!” जाळ्यातून चेंडू काढताना पोराने मान वर केली नाही. मी त्या गृहस्थांजवळ गेलो आणि फातोर्ड्याचे दोन्ही सामने त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं.

येत्या रविवारी मी त्याच्या गोलपोस्टमागेच उभा राहणार आहे.