आईवडिलांची नावे रकान्यात असू द्या, नावात नकोत

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ठरवले की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचे नाव सरकारी कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहायचे. तेव्हापासून तिकडचा वाद मधल्या जागेवर हक्क कोणाचा, याभोवती फिरतो आहे. आईची नोंद व्हायलाच हवी होती, आणि ती फार आधी व्हायला हवी होती. पण अमेरिकेत राहून मराठी नावांची इथल्या कार्यालयांत होणारी ओढाताण पाहिली की वेगळाच प्रश्न पडतो. नाते नोंदवायला ते माणसाच्या नावातच कशाला बसवायचे? आणि सज्ञान माणसाला मधले नाव नको असेल, तर ते काढण्याची वाट इतकी खडतर का?

नकोसे वाटण्याची कारणे अनेक असतात. घटस्फोटानंतरही पूर्वीच्या नवऱ्याचे नाव सहीत राहते. वडील लहानपणीच घर सोडून गेलेले असतात आणि वाढवलेले असते एकट्या आईने. काहींची कोणाविषयीच तक्रार नसते, त्यांना फक्त आपले नाव आणि आडनाव हवे असते. माझ्या मते तेवढे कारणही पुरेसे आहे.

अडचण सुरू होते भारतीय पासपोर्टापासून. त्यात नावाचे रकाने दोनच, आडनाव आणि दिलेले नाव. मधल्या नावाला स्वतंत्र जागा नाही. समजा सुनीता रमेश जोशी हे नाव आहे, तर ‘सुनीता रमेश’ हे सगळेच दिलेले नाव ठरते. व्हिसा, ग्रीन कार्ड, विमानाचे तिकीट हे सगळे पुढे त्याच रकान्यावरून तयार होते. तिकिटावर ‘सुनीतारमेश’ असा एकच शब्द उमटतो. इथेच पुष्कळांची फसगत होते. अमेरिकेचे सोशल सिक्युरिटी खाते, म्हणजे तिथल्या सामाजिक सुरक्षा क्रमांकाची नोंद ठेवणारे सरकारी खाते, मधल्या नावाला कायदेशीर नावाचा भाग मानत नाही, म्हणून ते गाळणे सोपे, असे ऐकलेले असते. पण ज्यांच्या नोंदीत वडिलांचे नाव पहिल्या नावाला चिकटलेले आहे, त्यांचे मधले नाव कागदोपत्री कोरेच असते. त्यांना मधले नाव काढायचे नसून पहिले नाव बदलायचे असते, आणि अर्जात तसेच लिहावे लागते. म्हणून सुरुवात करण्याआधी प्रत्येक कागद काढून कोणता शब्द कोणत्या रकान्यात आहे याची यादी करा.

नव्या चार पदरी नावाने हा गुंता वाढेल. पासपोर्टाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ओळीत पूर्ण नावाला रोमन लिपीतली ३९ च अक्षरे मिळतात. ज्ञानेश्वरी विजयालक्ष्मी चंद्रशेखर देशपांडे हे नाव विभाजक चिन्हे धरून साधारण ५० वर जाते. ते तिथे अर्धवट कापले जाणार.

आता मार्ग. ग्रीन कार्डधारक नागरिकत्वासाठी अर्ज करणार असेल तर सगळ्यात सोयीची संधी तीच. नागरिकत्वाच्या एन-४०० या अर्जात कायदेशीर नाव बदलायचे आहे का, असे विचारलेले असते. होय म्हटले तर वेगळे शुल्क नाही. मात्र इमिग्रेशन खात्याला स्वतः नाव बदलण्याचा अधिकार नाही, तो न्यायालयाचा. त्यामुळे शपथविधी न्यायाधीशासमोर व्हावा लागतो आणि काही ठिकाणी त्याची तारीख उशिरा लागते. मुलाखतीच्या वेळी नावबदलाच्या विनंतीवर सही घेतात. सही करण्याआधी नव्या नावाचा प्रत्येक रकाना वाचा, कारण नागरिकत्वाचे प्रमाणपत्र त्यावरूनच निघते.

ही संधी हुकली तर राज्याच्या न्यायालयात अर्ज करावा लागतो. नियम राज्यागणिक बदलतात. न्यू यॉर्क शहराच्या दिवाणी न्यायालयात शुल्क ६५ डॉलर आहे, कॅलिफोर्नियात ते ४०० डॉलरच्या वर जाते. ऐपत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो. न्यू यॉर्कने वृत्तपत्रातली जाहिरात २०२१ च्या कायद्याने रद्द केली. कॅलिफोर्नियात सर्वसाधारणपणे चार आठवडे, आठवड्यातून एकदा ती द्यावी लागते. घटस्फोट इथेच होत असेल तर पूर्वीचे नाव परत मिळावे ही मागणी त्याच हुकूमनाम्यात घालून घ्या, स्वतंत्र अर्ज वाचतो.

एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी मात्र आधी इथल्या न्यायालयात जाऊ नये. त्यांचे सगळे अमेरिकी कागद भारतीय पासपोर्टामागे चालतात. न्यायालयाचा आदेश एका नावाचा आणि पासपोर्ट दुसऱ्या, अशी स्थिती झाली की ड्रायव्हिंग लायसन्सपासून व्हिसाच्या मुदतवाढीपर्यंत खुलासे देत बसावे लागते. भारतीय पासपोर्ट आधी बदला.

आदेश हाती आल्यावर क्रमही महत्त्वाचा. आधी सोशल सिक्युरिटी, मग लायसन्स, मग अमेरिकेचा पासपोर्ट, शेवटी बँका. लायसन्सचे कार्यालय सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी नाव ताडून पाहते, म्हणून त्याच दिवशी दोन्हीकडे धावू नका. आदेशाच्या प्रमाणित प्रती एकदमच चार-पाच घ्या आणि एकीवर अपॉस्टिल, म्हणजे तो कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणन, करून घ्या. राज्य न्यायालयाचा आदेश असेल तर ते सहसा त्या राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट देतात. भारत अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ पासून आहे.

भारतातली बाजू बहुतेक जण विसरतात. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) नव्या पासपोर्टातल्या नावाशी जुळवून घ्यावे लागते. पॅनवरचे नाव बदलले नाही तर बँक खात्याचे आणि पॅनचे नाव जुळत नाही आणि प्राप्तिकराचा परतावा अडकतो. जन्मदाखल्याला हात लावण्याची गरज नाही, तो त्या दिवसाची नोंद आहे. सातबाऱ्यावर जुने नाव असेल तर कुलमुखत्यारपत्रात आणि खरेदीखतात ‘सुनीता जोशी ऊर्फ सुनीता रमेश जोशी’ असे लिहा, सोबत दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडा. परदेशात केलेले कुलमुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावे लागते. ती मुदत चुकली की व्यवहार खोळंबतो.

वडिलांचे नाव नावात नसेल तर एकाच गावातले दोन जोशी ओळखायचे कसे, हा तिकडचा आक्षेप खरा आहे. जमिनीच्या नोंदीत तर तो फारच खरा आहे. पण उत्तर आपल्याच कागदांत आहे. पॅन कार्डावर वडिलांचे नाव वेगळ्या ओळीत छापलेले असते, आणि आई एकटी पालक असेल तर डिसेंबर २०१८ पासून ते देण्याची सक्ती नाही. ओळख पटते आणि नावही माणसाचे स्वतःचे राहते. राज्याला आईची नोंद करायची होती तर तिच्यासाठी असा रकाना सक्तीचा करता आला असता.

त्याच निर्णयात विवाहित स्त्रीसाठी तिचे नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव हीच जुनी रीत चालू ठेवली आहे. म्हणजे मुलाच्या नावात आई आली, पण आईच्या स्वतःच्या नावात नवराच राहिला. शासनाने या निर्णयात एक दुरुस्ती करावी. १८ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही, विवाहित असो वा नसो, साध्या स्वयंघोषणेवर मधली नावे वेगळ्या रकान्यांत हलवता यावीत. राजपत्राच्या प्रसिद्धीची अट त्यासाठी असू नये, कारण त्यात माणूस बदलत नाही आणि आडनावही बदलत नाही.